डोंगरावरील जुनी हॉटेले आणि न वाजलेली घंटा

तुर्कस्तानातील बोलू प्रांतात कार्तालकाया हे हिवाळी खेळांचे प्रसिद्ध ठिकाण आहे. तेथील एका हॉटेलला २१ जानेवारी २०२५ रोजी पहाटे लागलेल्या आगीत ७८ जणांचा मृत्यू झाला. त्यांत तीसहून अधिक मुले होती. त्यापूर्वी नऊ महिने, १८ एप्रिल २०२४ च्या रात्री, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात माउंट हूड पर्वतावरील टिंबरलाइन लॉज या ऐतिहासिक हॉटेलच्या छताने पेट घेतला होता. तेथे मात्र पाहुणे आणि कर्मचारी असे सर्व जण सुखरूप बाहेर पडले.

दोन्ही इमारती पर्वतावर, दोन्ही ठिकाणी बर्फ, दोन्ही ठिकाणी मोठे शहर दूर. तरीही परिणाम इतके भिन्न का झाले, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. परंतु त्या उत्तराच्या मध्यभागी फायर अलार्म नावाची एक साधी वाटणारी व्यवस्था आहे. शिमला, मसुरी, दार्जिलिंगपासून महाबळेश्वर, माथेरानपर्यंत शंभर-दीडशे वर्षांच्या वास्तूंमध्ये पर्यटकांना उतरवणाऱ्या भारताने या दोन घटनांकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

लाकडात घडवलेली वास्तू

टिंबरलाइन लॉज समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम मिळावे म्हणून अमेरिकी सरकारने हाती घेतलेल्या रोजगार योजनेतून १९३६-३७ मध्ये ही वास्तू उभी राहिली. आसपासचे दगड आणि जंगलातील प्रचंड ओंडके यांचा तिच्यात वापर झाला. टाकून दिलेल्या टेलिफोनच्या खांबांवर कोरीव काम करून जिन्याचे खांब घडवण्यात आले. २८ सप्टेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. चित्रपटप्रेमींना ती १९८० च्या ‘द शायनिंग’ या चित्रपटातील हॉटेलचा बाह्यभाग म्हणून परिचित आहे. इमारत अमेरिकी वनसेवेच्या मालकीची असून हॉटेल खासगी कंपनी चालवते.

या वास्तूचे हृदय म्हणजे षट्कोनी मध्यवर्ती दालन आणि त्याच्या मधोमध उभे असलेले दगडी धुराडे. पाहुणे ज्या शेकोट्यांभोवती बसण्यासाठी दूरदूरहून येतात, त्यांच्याच ठिणग्यांनी छत पेटले असावे, असा प्राथमिक निष्कर्ष आगीनंतर काढण्यात आला. अग्निशमन दलाने आग छत आणि पोटमाळ्यापुरती रोखली. अवघ्या काही दिवसांत हॉटेलचे दरवाजे पुन्हा उघडले.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, आग रात्री साडेनऊच्या सुमारास लागली. बहुतेक माणसे त्या वेळी जागी असतात. दुसरी, आग माथ्यावर लागली. धूर वर जातो, त्यामुळे राहत्या मजल्यांवरील जिने आणि मार्गिका तुलनेने मोकळ्या राहिल्या. म्हणजेच टिंबरलाइनच्या बाबतीत वेळ आणि जागा या दोन्ही गोष्टी माणसांच्या बाजूने होत्या. कार्तालकायात दोन्ही विरुद्ध गेल्या.

पहाटेचे साडेतीन

कार्तालकाया येथील ग्रँड कार्ताल हॉटेलमध्ये त्या रात्री २३८ पाहुण्यांची नोंद होती. शाळांना सहामाही सुटी लागली होती, त्यामुळे मुलाबाळांसह आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. पहाटे साडेतीनच्या सुमारास उपाहारगृहाच्या मजल्यावर आग भडकली. त्यावरील मजल्यांवर माणसे झोपेत होती. धूर जिन्यांतून वर चढत गेला आणि बाहेर पडण्याचे मार्गच त्याने भरून टाकले. काहींनी चादरी बांधून खाली उतरण्याचा प्रयत्न केला, काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. इमारतीची मागील बाजू उतारावर असल्याने तेथे शिड्या लावणे अवघड होते. बोलू शहरातून डोंगर चढून बंब पोहोचेपर्यंत सुमारे एक तास गेला.

बचावलेल्या अनेकांनी एकच गोष्ट सांगितली. त्यांना अलार्म ऐकू आला नाही. कोणाला धुराच्या वासाने, कोणाला आरडाओरड्याने, कोणाला दारावरच्या थापांनी जाग आली.

यानंतर जो वाद झाला तो दुर्घटनेइतकाच बोलका होता. हॉटेलला पर्यटनाचा परवाना संस्कृती व पर्यटन मंत्रालयाचा होता. अग्निसुरक्षेची तपासणी हे अग्निशमन विभागाचे काम आहे, असे मंत्रालयाने म्हटले. हॉटेल आपल्या हद्दीबाहेर असल्याचे बोलू नगरपालिकेने सांगितले. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र २००७ मधील होते आणि त्यानंतर नवे प्रमाणपत्र दिले गेले नव्हते, हेही पुढे आले. दुर्घटनेच्या काही आठवडे आधी हॉटेलने तपासणीसाठी अर्ज केला होता. त्रुटी निदर्शनास आल्यावर तो मागे घेण्यात आला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी कनिष्ठ न्यायालयाने हॉटेलच्या मालकासह अकरा जणांना कठोर जन्मठेप ठोठावली. त्यांत नगरपालिका आणि अग्निशमन विभागातील व्यक्तींचाही समावेश होता. ज्या जबाबदारीचा धनी आगीपूर्वी कोणी नव्हता, तिचे वाटप न्यायालयाला करावे लागले.

डोंगरावर घड्याळ वेगळे चालते

शहरातील इमारतीत अलार्म वाजला नाही, तरी शेजारी, वाटसरू किंवा रखवालदार यांपैकी कोणीतरी आग पाहतो आणि काही मिनिटांत बंब येतो. ही व्यवस्था भरवशाची नाही, पण ती एक दुसरी संधी असते. डोंगरावरील हॉटेलात ही दुसरी संधी बहुधा नसतेच. रस्ता वळणाचा, वर बर्फ किंवा धुके, पाण्याचा साठा मर्यादित आणि हंगामात वाहनांची कोंडी. बंब येईपर्यंतचा वेळ लोकांनी स्वतःच्या बळावर काढायचा असतो. म्हणून तेथे अलार्म ही जीव वाचवणारी पहिली आणि अनेकदा एकमेव व्यवस्था ठरते.

जुन्या वास्तूची रचना हा वेळ आणखी कमी करते. उघडे लाकडी जिने धुराड्यासारखे काम करतात आणि तळमजल्यावरचा धूर थेट माथ्यावर नेतात. भिंतींच्या लाकडी आवरणामागे, खोट्या छताच्या वर आणि पोटमाळ्यात पोकळ्या असतात. या पोकळ्यांतून आग कोणाच्या नजरेस न पडता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. कित्येक दशकांत वाळलेले लाकूड आणि त्यावर चढत गेलेले रंग-रोगणाचे थर ज्वाळांना खाद्य पुरवतात. वीज, गॅस आणि गरम पाण्याच्या वाहिन्या नंतरच्या काळात जशा सोयीच्या वाटल्या तशा भिंतीतून नेलेल्या असतात आणि त्यांच्याभोवतीची भोके क्वचितच बुजवली जातात.

अशा वास्तूत खोलीखोलीच्या छताला एकेक स्मोक डिटेक्टर लावून काम भागत नाही. जेथे माणूस कधी जात नाही, त्या पोटमाळ्यात आणि पोकळ्यांतही शोधक लागतात. उंच दालनात वेगळीच अडचण येते. धूर वर जाताना थंड होतो आणि छताला पोहोचण्यापूर्वीच मध्ये तरंगत राहतो. त्यामुळे तेथे दालनाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत प्रकाशकिरण सोडून धूर ओळखणारी यंत्रणा वापरतात. स्वयंपाकघरात वाफेने खोटे इशारे होऊ नयेत म्हणून धुराऐवजी उष्णता ओळखणारे शोधक बसवतात. कोणता शोधक कोठे बसवायचा, हा निर्णय वास्तू पाहून घ्यावा लागतो. छापील आराखड्यावरून तो घेता येत नाही.

वारशाची सबब

जुन्या हॉटेलांच्या मालकांकडून एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. तारा ओढण्यासाठी कोरीव लाकूड फोडावे लागेल, छतावर पांढऱ्या डब्या दिसतील आणि ज्यासाठी पाहुणे येतात ते रूपच हरवेल, असे सांगितले जाते. वारसा जतन करणाऱ्या यंत्रणांचे नियमही कधी कधी याच सबबीसाठी पुढे केले जातात.

एके काळी या म्हणण्यात तथ्य होते. आज ते फारसे उरलेले नाही. बिनतारी शोधकांना भिंती फोडाव्या लागत नाहीत; जाड दगडी भिंतींमुळे संदेश अडू नये म्हणून मध्ये पुनःप्रक्षेपक बसवले की पुरते. हवा शोषून घेऊन ती एका ठिकाणी तपासणाऱ्या यंत्रणेत छतावर केवळ बारीक छिद्रे दिसतात; नळ्या आणि यंत्र दृष्टीआड राहतात. ही पद्धत धुराचा अत्यंत सूक्ष्म अंशही लवकर ओळखते, म्हणूनच जगभरातील संग्रहालयांत आणि जुन्या प्रासादांत ती वापरली जाते. ऐतिहासिक वास्तूंसाठी अमेरिकेत स्वतंत्र अग्निसुरक्षा संहिताही आहे. नियमातील प्रत्येक कलम शब्दशः पाळणे अशक्य असेल, तर तितकीच सुरक्षा अन्य मार्गाने कशी साधता येईल हे सिद्ध करण्याची मुभा ती देते. मुभा मार्गाची आहे, सुरक्षेच्या पातळीत सवलत नाही.

शिवाय वारशाचा युक्तिवाद उलटाही लागू होतो. हिमाचल प्रदेशात शिमल्याजवळील छराबडा येथील वाइल्डफ्लॉवर हॉल हे एके काळी लॉर्ड किचनर यांचे निवासस्थान होते. नंतर तेथे राज्य पर्यटन महामंडळाचे हॉटेल सुरू झाले. १९९३ मध्ये ही वास्तू आगीत नष्ट झाली. आज तेथे आहे ते नव्याने बांधलेले हॉटेल. शिमल्यातीलच पीटरहॉफ हे व्हाइसरॉयचे जुने निवासस्थान १९८१ च्या जानेवारीत जळाले. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यातील अपिलांची सुनावणी १९४९ मध्ये याच वास्तूत झाली होती. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या इतिहासाशी जोडलेली ती दालने आता नाहीत. त्या जागी उभे आहे तेही नवे हॉटेल. लाकडाला चार छिद्रे पडू नयेत म्हणून अलार्म टाळणाऱ्या मालकाने राखेला वारसा म्हणत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे.

खोटा इशारा आणि दाबलेली कळ

यंत्रणा बसवली म्हणजे ती वाजेलच असे नाही. डोंगरी हॉटेलात शेकोटीचा धूर असतो, ओलावा असतो, पावसाळ्यात कीटक शोधकांत शिरतात, तापमान झपाट्याने उतरल्यावर त्यांत दव धरते. या सर्वांमुळे खोटे इशारे मिळतात. मध्यरात्री दोनदा विनाकारण घंटा वाजली की पाहुणे तक्रार करतात आणि तिसऱ्या वेळी रात्रपाळीचा कर्मचारी आवाज बंद करणारी कळ आधी दाबतो, तपास नंतर करतो. पुढे तो विभागच यंत्रणेतून वगळला जातो. कागदोपत्री यंत्रणा पूर्ण असते. प्रत्यक्षात ती मूक झालेली असते.

यावर उपाय तांत्रिक आहे तसा व्यवस्थापकीयही आहे. शोधकांची नियमित स्वच्छता, योग्य प्रकारच्या शोधकाची निवड आणि वगळलेल्या प्रत्येक विभागाची लेखी नोंद या गोष्टी खर्चिक नाहीत. थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि डोंगरात वीज वारंवार जाते, त्यामुळे पर्यायी वीजपुरवठ्याची चाचणी हिवाळ्यापूर्वी होणे आवश्यक ठरते. रात्रपाळीला असलेल्या दोन-तीन माणसांना घंटा वाजल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचे हे ठाऊक असणे तर यंत्रापेक्षाही महत्त्वाचे आहे. हंगामी कर्मचारी दर वर्षी बदलतात, म्हणून हे प्रशिक्षणही दर वर्षी द्यावे लागते.

आवाज कोठे आणि किती पोहोचतो, हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. मार्गिकेत लावलेली घंटा जाड लाकडी दारापलीकडे, रजई पांघरून झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. अमेरिकेच्या अग्निसूचना संहितेनुसार झोपण्याच्या जागी उशीजवळ किमान ७५ डेसिबल आवाज मिळावा लागतो. तीक्ष्ण, उंच पट्टीच्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झच्या आसपासचा खर्जातील आवाज मुलांना आणि ऐकू कमी येणाऱ्यांना अधिक खात्रीने जागे करतो, असे अभ्यासांतून दिसल्यावर तेथे झोपण्याच्या जागांसाठी अशा आवाजाची अटही घालण्यात आली. कुटुंबांनी भरलेल्या हॉटेलात या अटीचा अर्थ किती मोठा आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतातील चित्र

अग्निशमन हा भारतात राज्यांचा विषय आहे आणि राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार तो नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांत मोडतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेचे तपशीलवार निकष आहेत आणि स्वयंचलित अग्निसूचना यंत्रणेसाठी भारतीय मानक २१८९ आहे. परंतु संहिता मुळात शिफारशीच्या स्वरूपाची आहे. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपल्या नियमांत समाविष्ट केल्यावरच ती बंधनकारक ठरते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांसाठी एक आदर्श विधेयक तयार केले, तरी अंमलबजावणीचे चित्र राज्यागणिक बदलते.

महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम या बाबतीत बराच स्पष्ट आहे. उपाययोजना करणे आणि त्या चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करून घेऊन दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. त्रुटी आहे ती रचनेत. तपासणी करणाऱ्याला मोबदला तपासून घेणाराच देतो. अशा वेळी अग्निशमन विभागाने अचानक फेरतपासणी केली नाही, तर प्रमाणपत्र हा कागदाचा व्यवहार बनण्याचा धोका राहतो. माथेरानसारख्या मोटारबंदीच्या ठिकाणी किंवा अरुंद घाटवाटेने जोडलेल्या गावांत हा धोका परवडणारा नाही.

पहाटेची वेळ किती घातक ठरते हे दिल्लीनेही अनुभवले आहे. करोलबाग भागातील हॉटेल अर्पित पॅलेसला १२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे आग लागली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. मार्गिकांतील लाकडी आवरणामुळे आग आणि धूर वेगाने पसरल्याचे तेव्हा समोर आले. ते हॉटेल राजधानीच्या मध्यवस्तीत होते. तेच हॉटेल घाटाच्या माथ्यावर असते तर काय झाले असते, हा प्रश्न थंड हवेच्या ठिकाणच्या प्रशासनांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

काय करता येईल

अमेरिकेने १९८० च्या दशकातील हॉटेलांच्या भीषण आगींनंतर एक वेगळा मार्ग निवडला. १९९० च्या हॉटेल-मोटेल अग्निसुरक्षा कायद्याने सरकारी कामासाठी प्रवास करणाऱ्यांच्या निवासाला सुरक्षेची अट जोडली. प्रत्येक खोलीत विजेच्या तारेने जोडलेला स्मोक डिटेक्टर आणि तीन मजल्यांहून उंच इमारतीत स्प्रिंकलर असलेल्या हॉटेलांची यादी त्यासाठी करण्यात आली. हॉटेलांवर थेट सक्ती करण्याऐवजी सरकारने आपल्या ग्राहकशक्तीचा वापर केला. भारतात केंद्र आणि राज्य सरकारांचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम आणि बँका प्रवास सवलतीपोटी दर वर्षी मोठा खर्च करतात. त्यातील मोठा वाटा थंड हवेच्या ठिकाणी जातो. या सवलतीला अग्निसुरक्षेची अट जोडली, तर नव्या कायद्याची वाट न पाहता अनेक मालक स्वतःहून यंत्रणा दुरुस्त करतील.

त्याखेरीज तीन गोष्टी तातडीच्या आहेत. डोंगरी ठिकाणच्या प्रत्येक हॉटेलासाठी अंतिम जबाबदार अधिकारी कोण, हे लेखी ठरलेले असावे. पर्यटन विभाग, पालिका आणि अग्निशमन दल यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यास जागा राहू नये. हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहुण्यांच्या खोल्यांत, दारे बंद असताना, घंटेचा आवाज मोजला जावा. आणि चाचणीची तारीख व निकाल स्वागतकक्षात, पाहुण्याला वाचता येईल अशा जागी, लावला जावा. खोलीभाडे आणि जेवणाच्या वेळा जेथे लावतात, तेथे या एका कागदालाही जागा होऊ शकते.

टिंबरलाइनमध्ये त्या रात्री वेळ आणि धुराची दिशा अनुकूल होती. अनुकूलतेवर विसंबून सुरक्षा उभी राहत नाही. कार्तालकायात पाहुण्यांनी पैसे मोजून घेतलेली खोली त्यांना उबदार वाटली असेल, सुरक्षितही वाटली असेल. ती सुरक्षित आहे की नाही हे तपासण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन प्रशासनाकडे होते आणि मालकाकडे होते. डोंगरावरच्या जुन्या हॉटेलात उतरणारा पर्यटक झोपी जाताना आपला जीव अनोळखी माणसांच्या हवाली करतो. वाजणारी घंटा हा त्या विश्वासाचा किमान मोबदला आहे.